कारण: इतर

तळी गोठली की माझं काम वाढतं.
आम्ही तळाचे नकाशे विकतो, फोनवर दिसणारे,
कुठे किती खोल, मासा कुठे बसला असेल, असे.
नोव्हेंबरात कुओपिओच्या आसपासची माणसं
होड्या उलट्या घालतात आणि मला लिहितात:
आता बर्फाच्या नकाशावर टाका.
मी टाकते.
होडीचा महिना सव्वासहा युरो, बर्फाचा नऊ,
मधले अकरा दिवस न वापरलेले.
त्यांचे पैसे यंत्र आपसूक वळते करतं, सेंटासकट.
न वापरलेले दिवस परत देणारी
एवढी एकच जागा मला माहीत आहे.

कुणी म्हणतं, थांबवा, गुडघ्याचं ऑपरेशन आहे.
कुणी बायकोच्या कार्डावरून स्वतःच्या कार्डावर येतं
आणि कारण लिहीत नाही.
कुणाचं कार्ड संपलेलं. यंत्र तीनदा दार वाजवून परत येतं,
मग मी सभ्य पत्र पाठवते:
आपल्या बँकेने नकार दिला आहे.
(नकार कुणीच देत नाही. तारीख उलटते, इतकंच.)

या वर्षी वरून फर्मान आलं.
जुन्या योजना बंद, एक तारखेपासून सगळे नव्या दरात.
एकतीसशे चौऱ्याण्णव गिऱ्हाइकं मी दोन दिवसांत हलवली,
पोती हलवावीत तशी, थप्पीथप्पीने.
शेवटी एक उरलं.
योजना क्रमांक एक. दर, वर्षाला एक युरो.
तौनो हिल्तुनेन, मुक्काम हौकीलाम्पी.

इलारी म्हणाला, चूक असेल कुणाची तरी, हलव.
एका युरोतले पस्तीस सेंट तर बँकच खाते.
मी फोन लावला. नियम आहे तसा:
दर दहापटीवर जात असेल
तर माणसाने माणसाला सांगावं.

बराच वेळ वाजत राहिला.
मग, थांबा, कॉफी उतू जातेय.
मग मी सांगितलं, वर्षाला एकशे आठ होतील.
तो म्हणाला, बरं.
आणि थोड्या वेळाने, पण तळ तोच ना?
म्हणजे?
हौकीलाम्पीचा तळ. तुमच्या नकाशातला.
तो मी मोजलाय.
दोराला शिशाचा गोळा बांधून,
बर्फाला चारशे बारा भोकं पाडून.
बहीण वहीत आकडे लिहायची.
ती वही तुमच्या साहेबाला दिली. तेव्हा तो साहेब नव्हता,
मेहुण्याच्या गॅरेजमध्ये बसायचा.
मी म्हटलं, पैसे नकोत.
तो म्हणाला, फुकट दिलं तर यंत्र तुम्हाला ओळखणार नाही,
एक युरो घेतो. जन्मभर.

साहेबाने कंपनी विकली, त्याला चार वर्षं झाली.
त्याचा शब्द कुठल्याच रकान्यात नाही.
बोलता बोलता मी हौकीलाम्पीचा नकाशा उघडला.
निळ्यात निळी कडी, मधोमध काळपट ठिपका.
विचारलं, सर्वांत खोल किती भरलं होतं?
अकरा मीटर चाळीस, तो लगेच म्हणाला.
पण त्या दिवशी वारा होता. दोर जरा तिरका गेला.
पाच सेंटीमीटर कमीच धरा.

माझ्यासमोर ठिपक्यावर अकरा चाळीस लिहिलेलं.
इतकी वर्षं त्या वाऱ्यासकट विकत होतो आम्ही.

अपवादाच्या फॉर्मवर कारण निवडावं लागतं.
मृत्यू. तक्रार. कर्मचारी. चाचणी खातं. इतर.
मी इतर निवडलं.
शेऱ्याला साठ अक्षरं मिळतात.
लिहिलं: तळ यांनी मोजला आहे. शब्द दिलेला आहे. हलवू नये.
इलारीने वाचलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि सही करून जेवायला गेला.

त्या रात्री यंत्राने त्याला कळवलं, सगळ्यांना कळवतं तसंच:
आपल्या योजनेत कोणताही बदल झालेला नाही.
त्या पत्राला कुणी उत्तर देत नाही.
सकाळी उत्तर आलेलं होतं.

पाच सेंटीमीटरचं बघायचं असेल तर फेब्रुवारीत या.
दोर आहे.
लिहायला कुणीतरी लागेल.